आतल्या माणसाचे ठोके

“मारून टाक त्याला! पहिल्याच पानावर मार!” हबीबभाई ओरडले, तशी कारखान्याच्या बसमधली चाळीस डोकी एकदम मागे वळली. बस आडगावच्या पुढे आली होती. दोन्ही बाजूंच्या द्राक्षबागांवरचं धुकं अजून उतरलं नव्हतं.

“कुणाचा मुडदा पाडताय सकाळी सकाळी?” पुढच्या बाकावरून पुंजारामने विचारलं. पुंजाराम रंगखात्यातला. त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

हबीबभाईंना त्याचे ओठ हलताना दिसले, शब्द काही पोचला नाही. मग शेजारी बसलेल्या सावळीरामनेच उत्तर दिलं, “कप्तान उदयनचा. पुस्तकातल्या.”

“हात्तिच्या! मला वाटलं, आपल्या सायबाचा.”

बस हसली. सावळीरामने मांडीवरची वही उघडली, पेन्सिलीचं टोक ओठांवर ओलं केलं आणि एकेक अक्षर दाबून लिहिलं, ‘मारू नका. म्हातारा करा.’ मग वही डावीकडे, खिडकीशी बसलेल्या हबीबभाईंकडे सरकवली.

“म्हातारा कप्तान? अरे यार, वाचील कोण?”

सावळीरामने वही परत घेतली. खाली लिहिलं, ‘आपण.’

हबीबभाई इतक्या मोठ्याने हसले की ड्रायव्हरने आरशात पाहिलं. ऐकू येईनासं झाल्यापासून त्यांना स्वतःच्या आवाजाचाही अंदाज राहिला नव्हता.

नाशिक ते ओझर हा पाऊण तासाचा रस्ता दोघांनी एकाच बाकावर बसून वीस वर्षं काटला होता. सावळीराम मूळचा वणीकडचा. कारखान्याचं बांधकाम चालू होतं तेव्हा खडी वाहायला आला आणि पुढे हेल्पर म्हणून आतच राहिला. अंगाने बारीक, म्हणून त्याला विमानाच्या पंखात शिरायचं काम मिळालं. हबीबभाई बाहेरून गनने रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, मारायचे. आत गुडघे पोटाशी घेऊन पडलेला सावळीराम रिव्हेटच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. मध्ये पत्रा. एकाला दुसरा दिसत नसे आणि गनच्या कडकडाटात हाक ऐकू येत नसे. आतल्या माणसाने ठोकळ्याने पत्र्यावर ठोके द्यायचे, ही त्या कामाची भाषा. एक ठोका म्हणजे बसला नाही, पुन्हा मार. दोन म्हणजे बसला, पुढे चल. तीन म्हणजे बिघडला, काढून टाक.

कामाला लागला तेव्हा सावळीरामला अक्षर येत नव्हतं. हबीबभाई म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. त्यांच्या मावसभावाचं, रहेमानचं, दूध बाजारात रद्दीचं दुकान होतं. तिथून ते ‘सातवी नौका’ या मालिकेची खिशात मावतील अशी पुस्तकं आणायचे आणि बसमध्ये मोठ्याने वाचायचे. कप्तान उदयन, त्याचं आभाळातलं जहाज आणि निळ्या ग्रहावरचे दुष्ट लोक. एक दिवस कप्तान उकळत्या समुद्रात पडला आणि हबीबभाईंनी पुस्तक मिटून सावळीरामच्या हातात दिलं.

“पुढचं तू वाच.”

“मला कुठं येतं, हबीबभाई?”

“मग मरू दे त्याला. माझं काय जातंय?”

चाळिशीला आलेल्या माणसाने त्या उकळत्या समुद्रातून कप्तानाला काढायला चार महिने घेतले. बसमध्ये अक्षरं, घरी अक्षरं. भाकरी थापता थापता भिमाबाई म्हणायची, “आता काय कलेक्टर होता काय?” पण ज्या दिवशी त्याने शेवटचं पान एकट्याने वाचलं, त्या दिवशी तिने वस्तीतल्या चार बायकांना बोलावून ते पान पुन्हा वाचायला लावलं. भिमाबाई जाऊनही आता पाच वर्षं झाली होती. मुलगी देवळ्याला दिलेली. घरी गेल्यावर दिवसाचं बोलणं संपायचं. शेजारच्या लंकाबाई कालवणाची वाटी देताना दोन शब्द बोलत, तेवढेच.

म्हणून बस होती. बसमधले हबीबभाई होते.

कानांसाठी कारखान्यात कापसाचे बोळे मिळत. सावळीराम ते इमानदारीने घालायचा. हबीबभाई एका बाजूचा बोळा काढून खिशात टाकायचे. कुणी हटकलं तर म्हणायचे, “बोळा घातला तर आतला माणूस काय सांगतो ते कसं कळणार?” काही वर्षांत तो कान गेला आणि त्याच्यामागून दुसराही गेला. शेवटची दोन वर्षं तर ते ठोके ऐकतच नव्हते. डावा तळहात पत्र्याला लावून ओळखत होते, आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा सावळीरामने आतून तीन ठोके दिले. नेमका तेव्हा हबीबभाईंचा तळहात घाम पुसायला वर गेला होता. गन पुढच्या रिव्हेटवर सरकली. सावळीराम सरपटत बाहेर आला. त्याने हबीबभाईंच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते समजला. तो कुणाला सांगणार नव्हता. पण हबीबभाईंनी तो रिव्हेट आधी काढून घेतला, गन खाली ठेवली आणि स्वतःच्या पायांनी सुपरवायझरकडे गेले. “साहेब, मला आता ऐकू येत नाही. मला गनवर ठेवू नका.”

त्यांना अवजारांच्या स्टोअरमध्ये बसवलं. कानातलं यंत्रही लावून पाहिलं, त्यात नुसती माशी गुणगुणायची. मग एका सोमवारी सावळीरामने दुकानातून शंभर पानी वही विकत घेतली. ज्यांनी अक्षर शिकवलं, त्यांच्याशी बोलायला आता अक्षराशिवाय दुसरं काहीच उरलं नव्हतं.

त्या हिवाळ्यात रहेमानच्या दुकानातून ‘सातवी नौका’चा एक अंक आला. शेवटच्या पानावर चौकटीत निवेदन होतं. मालिका जुनी झाली आहे, तिला नवा जन्म द्यायचा आहे. वाचकांनी आपली कल्पना कळवावी. निवडलेल्या वाचकाचं नाव लेखकाच्या नावासोबत पहिल्या पानावर छापू. खाली पुण्याचा पत्ता.

“दोघांची नावं छापायला लावू,” हबीबभाई म्हणाले. “माझ्या रिटायरमेंटच्या आत आलं पाहिजे उत्तर. मग मी मालेगावला जायला मोकळा.”

मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. बायको आधीच गेलेली, त्यामुळे मालेगावला मुलीकडे, बिलकिसकडे राहायला जायचं ठरलं होतं. सावळीरामने ते ऐकून घेतलं होतं, पण वहीत त्याबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. तो फक्त कप्तानाबद्दल लिहीत राहिला.

‘हे लोक जेवत का नाहीत? एवढ्या पुस्तकात कुणी भाकर खाल्ली नाही.’

“खरंय! आणि संडासला जात नाहीत!” हबीबभाई गरजले. पुंजाराम म्हणाला, “आता हे पण छापणार का?”

‘जहाज दर वेळी मोडतं. दुरुस्त कोण करतं?’

“कुणीच नाही. पुढच्या अंकात आपोआप बरं होतं. सर्दी झाल्यावाणी.”

असं करत करत फेब्रुवारीत सावळीरामला ते सुचलं. त्या दिवशी वही भरायला त्याला ओझरपर्यंतचा सगळा रस्ता लागला. जहाज बांधताना आत ठोकळा धरून एक माणूस असतो. त्याचं नाव झुंबर. पत्रे बंद होतात, जहाज सुटतं. झुंबर दोन पत्र्यांच्या मध्ये आतच राहतो. आपल्या पाठीमागे माणूस आहे हे कप्तानाला माहीत नसतं. मग एका रात्री भिंतीतून ठोका येतो. कप्तान म्हातारा झालेला, त्याला धड ऐकू येत नाही. तो भिंतीला हात लावतो. तिथून नवी मालिका सुरू होते. दोघांची भेट कधीच होत नाही. जहाज कुठे बिघडलं ते झुंबर आतून सांगतो आणि कप्तान त्याच्यावर विश्वास ठेवून जहाज हाकतो.

हबीबभाईंनी ते दोनदा वाचलं. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. वही मिटून म्हणाले, “हेच पाठव.”

“कॉपी काढून ठेवतो,” सावळीराम सवयीने तोंडानेच बोलून गेला. हबीबभाईंनी पेन्सिल पुढे केली, तेव्हा त्याने हात हलवून ‘राहू द्या’ म्हटलं. कॉपी काढायला आणखी महिना गेला असता आणि मार्च उजाडायला आला होता. वहीच रजिस्टरने पाठवली. बोलणं थांबू नये म्हणून दुसरी वही घेतली, पण तिची पानं फारशी भरली नाहीत. रोज सकाळी हबीबभाई विचारायचे, “आलं?” सावळीराम मान हलवायचा.

पाकीट आलं ते हबीबभाई जाण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी. शनिवार होता, पण सावळीरामने रजा घेतली होती. आत त्याची वही होती आणि एक चिठ्ठी. ‘सा. न. वि. वि. ही मालिका बंद होऊन नऊ वर्षे झाली. लेखक वारले. या जागेत आता आम्ही लग्नपत्रिका छापतो. वही चाळली. रद्दीत टाकवली नाही, म्हणून परत पाठवत आहे.’

सावळीरामने चिठ्ठी वहीत ठेवली. मग कोनाड्यातली सगळी पुस्तकं खाली काढली. एकालाही मुखपृष्ठ नव्हतं. न खपलेल्या अंकांची मुखपृष्ठं फाडून विक्रेते प्रकाशकाला परत करतात आणि उरलेला गठ्ठा रद्दीत घालतात, हे त्याला रहेमानने कधीतरी हसत सांगितलं होतं. तारीख मुखपृष्ठावर असते, हे मात्र त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. नवं पुस्तक हातात आलं की ते याच महिन्याचं, असंच दोघं धरून चालले होते. कप्तान, लेखक, सगळेच कधीचे गेलेले, आणि हे दोघं बसमध्ये बसून त्याला म्हातारा करत होते.

दुसऱ्या दिवशी तो सीबीएसच्या एसटी स्टँडवर गेला. वही पिशवीत, चिठ्ठी वहीत. मालेगावची गाडी लागली होती. हबीबभाई खिडकीशी बसले होते. शेजारी बिलकिसने पाठवलेला जावई, मांडीवर ट्रंक. पुंजारामही आला होता. त्याने खिडकीतून केळ्यांची फणी दिली आणि पहिल्यांदाच काही न बोलता बाजूला झाला.

“आलं का रे उत्तर?” हबीबभाईंनी विचारलं. अख्ख्या स्टँडने ऐकलं.

सावळीरामचा हात पिशवीकडे गेला. नुसती चिठ्ठी दिली असती तरी झालं असतं. त्याने हात मागे घेतला. खिडकीची काच वर अर्ध्यात अडकलेली होती आणि काचेमागे हबीबभाई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. मग त्यांनी डावा तळहात खिडकीखालच्या पत्र्याला आतून लावला. कंडक्टर अजून खाली चहा पीत होता. इंजिन बंद होतं.

वीस वर्षांत सावळीरामने कधी खोटा ठोका दिला नव्हता. त्या ठोक्यांच्या भरवशावर माणसं विमानातून उडायची. दोन देणं म्हणजे खोटं होतं. तीन द्यायला हवे होते. त्याने खिशातली घराची किल्ली मुठीत धरली, पुढे झाला आणि पत्र्यावर ठोका दिला.

एक.

हबीबभाई थांबले. पुढच्या ठोक्याची वाट पाहत राहिले. तो आला नाही, तेव्हा त्यांच्या डोळ्यांभोवती सुरकुत्या पडल्या.

“पुन्हा?” ते म्हणाले. या वेळी आवाज हळू निघाला, त्यांच्या नकळतच. “बरं. पुन्हा तर पुन्हा. मालेगावचा पत्ता आहे ना तुझ्याकडे?”

सावळीरामने मान हलवली. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी मागे सरून वळली. हबीबभाईंनी हात पत्र्यावरून काढलाय की नाही, ते त्याला बाहेरून दिसलं नाही.

सोमवारी सकाळी धुकं नव्हतं. आडगाव मागे पडलं तेव्हा सावळीरामने नवी वही उघडली. झुंबरला आत भूक लागली तर तो काय खाईल, हे अजून ठरलं नव्हतं. त्याने पेन्सिल ओली केली, एकेक अक्षर दाबून एक ओळ लिहिली आणि सवयीने वही डावीकडे सरकवली.

खिडकीशेजारची जागा रिकामी होती. वही तिथेच राहू दिली. पुढे ओझरच्या वळणावर बस कलली, तशी ती घसरू लागली, तेव्हा त्याने तिच्यावर हात ठेवला.