शुक्रवारचा मासा

"पुढच्या शुक्रवारी मी लुडविगच्या बारमध्ये जाणार," एल्रॉयने ताट पुढे ढकललं. "मरायचंच आहे ना? मग पोटभर खाऊन मरतो."

ताटात मासा होता. म्हणजे व्हर्नाच्या मते होता. ओव्हनमध्ये भाजलेला, वर कॉर्नफ्लेक्सचा चुरा, आणि तो चुरा ओल्या पुठ्ठ्यासारखा माशाला चिकटून बसलेला. समोर बसलेल्या ड्वेनने, तिच्या धाकट्या दिराने, काट्याने तो उलटून पाहिला.

"वहिनी, हा दवाखान्यातून पळून आलाय का गं? अजून अशक्त दिसतोय."

"तुला आमंत्रण दिलं होतं कोणी?"

"शुक्रवार आहे. मासा असेल तिथे मी असणारच."

ते मात्र खरं होतं. शेबॉयगन गावात शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे तळलेला मासा. देव मानणारे त्या दिवशी मटण वर्ज्य म्हणून खातात, न मानणारे दोन तुकडे जास्त खातात. व्हर्ना आणि एल्रॉय हॉफर्ट लग्नाआधीपासून लुडविगच्या बारमध्ये जात आले होते. बिअरच्या पिठात बुडवून तळलेला पर्च मासा, काळसर राय ब्रेड, कच्चा कांदा, बटाट्याची धिरडी. मग एका सकाळी बर्फ उपसताना एल्रॉय अंगणातच बसला, आणि डॉक्टरांनी त्याची छाती उघडून पुन्हा शिवली.

घरी सोडताना आहाराचं सांगायला एक बाई आली. गोड हसत म्हणाली, "तळलेलं कायमचं बंद. मासा वाफवायचा, वर लिंबू पिळायचं, छान लागतो." छान लागतो! त्या बाईने जन्मात कधी भुकेल्या माणसाला जेवू घातलं होतं का? आजारी माणसाच्या तोंडाला चव नको, हे कोणी ठरवलं? जे स्वतः तो मासा खाणार नाहीत त्यांनीच. एल्रॉय लिंबू पिळलेला मासा महिनाभर चघळत राहिला आणि वाळत गेला. पँट पट्ट्याच्या आधाराने अंगावर राहायची. हृदय वाचलं होतं, माणूस हातचा चालला होता.

"मला एक शुक्रवार दे," व्हर्ना म्हणाली. "फक्त पुढचा. नाही जमलं तर मीच तुला गाडीत घालून लुडविगकडे नेईन, आणि परत कधी तोंड उघडणार नाही."

"तू? तोंड उघडणार नाहीस?" एल्रॉय कित्येक दिवसांनी हसला. "कबूल. हे बघायला तरी जगतो."

शनिवारपासून तिने स्वयंपाकघरात युद्ध मांडलं. पहिला शत्रू पाणी, हे तिने ओळखलं. मासा फडक्याने कोरडा टिपला, मग उघडाच फ्रीजमध्ये ठेवला. राय ब्रेड कडक वाळवून जाडसर कुटला. अंड्याचं पांढरं बिअरचा शिपका मारून फेटलं, त्यात चिमूटभर मोहरीपूड. बिडाचा तवा रिकामाच ओव्हनमध्ये कडकडीत तापवला, तेलाचा नुसता हात फिरवला, आणि अंड्यात बुडवून चुऱ्यात घोळवलेला मासा त्यावर टाकला. तवा चरचरला.

मंगळवारी पाचच्या ठोक्याला, गोळ्यांच्या वेळेला, तिने ताट वाढलं. मासा कुरकुरीत झाला होता. एल्रॉयने सगळा खाल्ला, तोंड पुसलं.

"चांगलाय. पण तो नाही."

"काय नाही त्यात? मीठ? कांदा? बोल ना!"

"मला काय माहीत! तो नाही एवढं कळतं."

तिने फडकं भिंतीवर फेकून मारलं. बुधवारी दुपारी गाडी काढली आणि लुडविगच्या दारात उभी राहिली. आत चिटपाखरू नव्हतं. बसताच ताट समोर आलं. तोच आचारी, तीच कढई, तोच पर्च. व्हर्नाने घास घेतला, चावला, पुन्हा चावला.

तेलकट होता. कवच बुटाच्या तळासारखं जाड. आत मासा कुठे ते शोधावं लागत होतं. तिचा याच्यापेक्षा दसपट बरा होता!

मग शुक्रवारी या माशासाठी जीव का टाकतात लोक? तिने रिकाम्या बारकडे पाहिलं आणि मोठ्याने हसली. शुक्रवारी इथे उभं राहायला जागा नसते. दारात नाव सांगायचं, बारला टेकून ताटकळायचं, आतून तळणीचा वास येत राहतो, दुसऱ्यांची ताटं नाकासमोरून जातात, पोटात आग पडते. मग लुडविगची बायको गर्दीवरून नाव ओरडते. तोवर माणूस टेबलही खायला तयार असतो! आणि ती काय करत होती? नवऱ्याला मंगळवारी, पाच वाजता, भूक लागायच्या आत, गोळीबरोबर भरवत होती.

शुक्रवारी तिने डॉक्टरांना विचारून गोळ्यांची वेळ पुढे सरकवली आणि दोघा भावांना घराच्याच तळघरातल्या छोट्या बारमध्ये ढकललं. ड्वेनला ब्रँडी, एल्रॉयला सोडा.

"जेवण?" एल्रॉयने विचारलं.

"नाव लिहून घेतलंय. गर्दी आहे."

"कसली गर्दी? घरात तिघंच आहोत!"

"बोलावलं की यायचं."

तिने तळघराचं दार सताड उघडं ठेवलं आणि कांदा चिरायला घेतला. धिरडी भाजली. तवा चरचरला, वास जिना उतरून खाली गेला. खालची बडबड थांबली.

"व्हर्ना! अगं, मेलो उपाशी!"

"तुमच्या पुढे माणसं आहेत, साहेब."

"वहिनी, मला तरी दे," ड्वेन कळवळला, "मी पाहुणा आहे!"

"आज आठवलं होय, पाहुणा आहेस ते?"

पुरेसं रडवून झाल्यावर ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि लुडविगच्या बायकोच्या फाटक्या आवाजात ओरडली, "हॉफर्ट! दोन जण!"

खाली खुर्ची पडली. दवाखान्यातून आल्यापासून कठड्याला धरून चढणारा एल्रॉय भावाला कोपराने बाजूला सारून वर आला. बसला. पहिला तुकडा हातानेच उचलला. कर्रकन आवाज झाला. त्याने डोळे मिटले. दुसरा उचलला, तिसरा राय ब्रेडवर कांद्याबरोबर ठेवला. ड्वेनने तोंड उघडलं ते फक्त घास कोंबायला.

"वहिनी," शेवटी ड्वेन ताट पुसत म्हणाला, "खरं सांग, लुडविगकडून आणलास ना?"

"लुडविगचा बुधवारी खाऊन बघ. मग माझे पाय धरायला ये."

एल्रॉयने रिकामं ताट तिच्यापुढे धरलं. हनुवटीला चुरा लागला होता, गालांवर रंग होता.

"अजून आहे?"

"आहे."

"वाढ. आणि पुढच्या शुक्रवारी माझं नाव जरा लवकर लिही."

"वशिला चालत नाही इथे," व्हर्ना म्हणाली आणि तव्याकडे वळली. "लवकर येऊन उभा राहा."