आलेल्या सफरचंदांची भजी

आजाऱ्याला भेटायला जाताना सफरचंदं न्यायची, हा नियम कुणी केला कोण जाणे. वाशीच्या त्या इमारतीत मात्र तो सगळ्यांना पाठ होता. दिनानाथांना, म्हणजे सगळ्या इमारतीच्या अण्णांना, हॉस्पिटलमधून घरी आणलं आणि दुसऱ्याच दिवसापासून दाराशी कागदी पिशव्या यायला लागल्या. आधी टोपली भरली, मग भाताचं मोठं पातेलं भरलं. शेवटी त्यांच्या बायकोने, चारुलताच्या आईने, पिठाच्या डब्यावर परात ठेवली आणि तिच्यात सफरचंदं रचली. घरात फ्रिज नव्हता आणि मार्चचा उकाडा सुरू झाला होता. संध्याकाळी घरभर गोड, थोडा आंबूस वास सुटायचा.

अण्णा त्यांतलं एकही खात नव्हते. खरं म्हणजे ते धड काहीच खात नव्हते. दोन चमचे मुगाचं कढण घेतलं की भिंतीकडे तोंड. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "असंच चाललं तर परत दाखल करावं लागेल." आईने देवापुढे साखर ठेवली, कढणात कोकम घालून पाहिलं, शेवटी रागावूनही पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

"उभ्या जन्मात कुणाचं काही घेतलं नाही मी," अण्णा भिंतीला सांगायचे. "आणि आता बघ. रांगेने आणून देताहेत."

दुखणं छातीचं होतं, पण सलत होती ती खुर्ची. चारुलताला ते कळत होतं. बाल्कनीतसुद्धा शर्ट घातल्याशिवाय न जाणारे अण्णा. छातीत दुखायला लागलं त्या सकाळी त्यांना बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यावर खुर्चीत बसवून, पंच्याने बांधून, तीन जिने खाली नेलं होतं. अख्खी इमारत जिन्यात उभी होती. खालच्या वाण्याकडे बटाट्याची पोती उतरवायला जुहूगावचा गोटीराम टेम्पो घेऊन आला होता. त्यानेच खुर्चीचे पुढचे पाय धरले, त्यानेच अण्णांना कांद्याच्या पोत्यांमध्ये ठेवलं आणि खाडीपूल ओलांडून चेंबूरचं हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर म्हणाले होते, आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

तेव्हापासून दर शनिवारी गोटीराम सफरचंदं घेऊन यायचा. त्याचा आवाज जिन्यात आला की अण्णा डोळे मिटायचे.

"झोपलेत," आई ओशाळून सांगायची.

"झोपू द्या, वयनी. झोप हेच औषद हाय," म्हणत तो धिप्पाड माणूस चवड्यांवर चालत परत जायचा.

चारुलताने आदल्या वर्षी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं होतं. तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत ती लागली होती. कुठलीही गोष्ट 'अशीच असते' म्हणून सोडून देणं तिला जमत नसे. शुक्रवारी कढणाची वाटी परत करताना अण्णा पुटपुटले, "भजी असती तर..." तशी ती जागच्या जागी थांबली. दुखण्यानंतर अण्णांनी स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट.

"तळलेलं बंद आहे त्यांना," आई म्हणाली.

"तळायची नाहीत. भाजायची. आणि सफरचंदांची."

"सफरचंदांची भजी? उद्या दुधाचं लोणचं घालशील!"

खालच्या मजल्यावरच्या वैजयंतीकाकूंकडे गोल ओव्हन होता. ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला. दिवाळीत नानकटाईसाठी तो घरोघर फिरून यायचा. "ने गं," काकू म्हणाल्या. "पण बरोबर इस्त्रीबिस्त्री काही लावू नकोस. लाडात वाढलाय तो, त्याला एकट्यालाच सगळी वीज लागते."

शनिवारी अर्धा दिवस काम करून चारुलता घरी आली आणि लागली कामाला. सफरचंदांच्या चकत्या केल्या. मधलं बियांचं घर काढायला तिला हत्यार मिळेना, तेव्हा अण्णांच्या टॉनिकच्या बाटलीचं टोपण धुऊन तेच दाबलं. चकतीला सुबक गोल भोक पडलं. वर साखर आणि दालचिनी भुरभुरवून ठेवली, नेहमीसारखं बेसन भिजवलं, एकेक चकती बुडवून ओव्हनमध्ये मांडली.

बाहेर आलं ते बघून आईने कढण गरम करायला घेतलं. वरून बेसनाचं कवच कौलासारखं कडक आणि आत चिखल.

चारुलताने एक कवच फोडून नीट पाहिलं. चिखल कुठून आला? साखरेने! आधी साखर घातल्यावर सफरचंदाने पाणी सोडलं, काकडीला मीठ लावल्यावर सुटतं तसंच. हे आपण परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते, हे आठवून तिला हसू आलं. आणि कवच? तेलात भजं चारी बाजूंनी एकदम तापतं. हवेला तेवढी घाई नसते. तोवर बेसन नुसतं वाळत बसतं.

दुसऱ्या वेळी तिने बेसन सोडलं. मैदा, थोडा रवा, दही, चिमूटभर सोडा. साखर आणि दालचिनी पिठातच. चकत्या पुसून कोरड्या केल्या, पिठात बुडवल्या की लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये. वरून तव्याला तेल लावायच्या फडक्याचा नुसता हात फिरवला. झाकण ठेवलं आणि काचेला नाक लावून बसली. संध्याकाळ झाली होती. घरोघरी टीव्हीवरचा सिनेमा सुरू होत होता. काचेपलीकडे पीठ फुगायला लागलं, कडा तांबूस झाल्या, आणि दालचिनीचा वास जिन्यात गेला.

तेवढ्यात आईने अण्णांचं अंग पुसायला पाणी तापवावं म्हणून बादलीत हीटर सोडला.

फट्कन आवाज झाला. नुसतं घर नाही, अख्खी विंग अंधारात गेली. सगळ्या टीव्हींचे आवाज एकदम बंद झाले आणि जिन्यात माणसांचे सुरू झाले.

"कुणाकडे काय लावलं होतं रे?"

"आत्ता कुठे गाणं लागलं होतं!"

आतल्या खोलीतून अण्णांचा आवाज आला. "चारू, आपल्याकडून झालं ना हे?"

"हो, अण्णा."

"मग जाऊन सांग त्यांना. लोक उगाच एकमेकांवर ढकलताहेत."

"मला हलता येत नाही. ओव्हन अजून गरम आहे. कुणी झाकण उघडलं नाही तर आतल्या उष्णतेवर होतील. आईने उघडलं तर संपलं."

"मी कशाला उघडतेय!" आई म्हणाली, पण तिचा हात झाकणापासून फार लांब नव्हता.

आतला पलंग करकरला. आई धावली, तर अण्णा खुंटीवरचा शर्ट चाचपडत होते. अंधारात त्यांनी एकेक बटण लावलं, भिंतीला धरत दारापर्यंत गेले आणि कडी काढली.

जिन्यात मेणबत्त्या घेऊन माणसं उभी होती. त्या सकाळी होती तीच.

"फ्यूज आमच्याकडून गेला," अण्णा म्हणाले. "तुमचा सिनेमा बुडाला. माफ करा."

वैजयंतीकाकू ओरडल्या, "अहो, अण्णा उठले! खड्ड्यात गेला तो सिनेमा!"

एकच गलका झाला. अण्णांनी दाराची चौकट घट्ट धरली होती. गर्दीतून वाट काढत, डोक्यावर काहीतरी घेऊन कुणीतरी वर येत होतं. गोटीराम होता. डोक्यावर तीच खुर्ची होती.

"जिन्यात हात मोडला व्हता हिचा," तो खुर्ची उतरवत म्हणाला. "नवीन बसवलाय. सागाचा हाय. बसा, अन्ना."

अण्णांनी खुर्चीकडे पाहिलं. या वेळी डोळे मिटून भागणार नव्हतं. ते बसले. नव्या हातावर हात ठेवून, खाली बघत म्हणाले, "गोटीराम, त्या दिवशी तुम्ही नसता तर..."

"तर वान्याचं बटाटं येळेवर उतरलं असतं," गोटीराम म्हणाला. "आनि तुमचं वजन ते काय! त्यापरीस पोतं जड."

अण्णांच्या खांद्यांना हिसका बसला. आई घाबरली. पण ते हसत होते.

चारुलता परात घेऊन बाहेर आली. मेणबत्तीच्या उजेडात भजी तांबूस दिसत होती. दोन-चार खालून जरा पांढरीच राहिली होती. पहिलं तिने अण्णांना दिलं. अण्णांनी फुंकर घातली, चावलं, डोळे मिटून चघळलं. सगळी विंग त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"भजी नाहीत ही," अण्णांनी निकाल दिला. "पण भज्यांच्या नात्यातली आहेत." आणि दुसरं उचललं.

परात हातोहात फिरली. "हे माझ्या सफरचंदांचं," वैजयंतीकाकू म्हणाल्या. "तुमची आंबट निघाली होती, काकू," चारुलता म्हणाली, "त्यांचीच जास्त चांगली झाली." आई डोळ्यांना पदर लावून उभी होती आणि विचारलं तर धूर म्हणत होती. धूर कुठेच नव्हता.

कुणीतरी फ्यूजची तार बदलली. दिवे आले, टीव्ही आपोआप बोलायला लागले; पण बराच वेळ कुणी आत गेलं नाही. मोकळ्या खोल्यांतून गाणं वाजत राहिलं.

गोटीराम निघाला तेव्हा अण्णांनी त्याला थांबवलं. "पुढच्या शनिवारी याल ना?"

"येईन की. सफरचंदं आनू?"

चारुलता रिकामी परात हातात धरून उभी राहिली. अण्णांनी त्या परातीकडे पाहिलं.

"आणा," ते म्हणाले.