फळ्यावरचं नाव

वाळवंटातल्या डन्स वेलमध्ये घरं नऊ, पब एक, आणि त्या दिवशी सावलीतही पारा शेहेचाळीसवर होता. ग्रेम टोलहर्स्टने चाकांवरचं घर असलेली पांढरी कॅरव्हॅन ओढणारी गाडी पेट्रोल पंपाशी थांबवली, तेव्हा पंपवाल्या नोलीनने आधी टायर पाहिले, मग त्याला.

"वाळूतून टार्लो गावाला? या उन्हात? डांबरी रस्ता लांबचा, पण बरा, आजोबा."

ग्रेम निवृत्त प्लंबर, सत्तरी उलटलेला. बायको गेल्यापासून एकटाच हिंडायचा. कुणी वयावर घसरलं की त्याचं डोकं फिरे. तुझ्या जन्माआधीपासून मी वाळूत गाडी हाकतोय, असं त्याने ठणकावलं. धडधडीत थाप होती. पबच्या ओसरीवरची माणसं हसली. नोलीनने वाद घातला नाही. दाराशेजारच्या फळ्यावर तिने खडूने त्याचं नाव लिहिलं, पुढे 'उद्या दुपारी'.

"पोचलास की फोन कर. फोन आला नाही तर इथून माणूस शोधायला निघतो."

बारा किलोमीटरवर चाकं रुतली. दोन तास फावडं मारून तो कसाबसा सुटला, पण पुढे जायची हिंमत राहिली नव्हती. तो मागे फिरला. आता त्या हसणाऱ्यांसमोरून जायचं? त्याने गावामागून गाडी काढली आणि गुपचूप डांबरी रस्ता धरला. फोनचं उद्या बघू म्हणाला. उद्या आला नि गेला. काय सांगावं हेच त्याला सुचेना.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तो दूरच्या एका पबमध्ये गार बिअर घेऊन बसला होता. मालक सहज बोलून गेला, की डन्स वेलचा कॉल नावाचा माणूस काल दुपारी कुठल्याशा पांढऱ्या कॅरव्हॅनच्या शोधात वाळूत गेला, तो अजून परतला नाही. गाडीतल्या वायरलेस रेडिओलाही उत्तर देत नाही. पंपवाल्या नोलीनचा नवरा तो.

ग्रेमने ग्लास बाजूला सारला. इथे त्याला कोणी ओळखत नव्हतं. गप्प बसला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. हे मनात आलं, आणि आलं म्हणून त्याला स्वतःची किळस वाटली. त्याने नोलीनला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

नोलीन म्हणाली, "म्हणजे तू वाळूत नाहीसच. विमान सकाळपासून तुला शोधत भलतीकडे फिरतंय. ठेव फोन."

तीन तास गाडी मारून तो डन्स वेलला आला. ओसरीवर तीच माणसं होती. आज कोणी हसलं नाही. कोणी चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. फळ्यावर त्याच्या नावाखाली आता कॉलचं नाव होतं. रेडिओपाशी बसलेल्या नोलीनने पायाने एक खुर्ची त्याच्याकडे सरकवली. तो बसला.

ऊन उतरताना रेडिओ खरखरला. शोधायला गेलेला पोलीस बोलत होता. कॉल सापडला. गाडीचा आस तुटला होता, तो गाडीखालच्या सावलीत पडून होता. ओठ फाटलेत, उभं राहवत नाही, पण शुद्धीवर आहे. नोलीनने कपाळ टेबलावर टेकलं.

"आणि तो सारखं एकच विचारतोय," पोलीस म्हणाला, "म्हातारा सापडला का?"

नोलीनने ग्रेमकडे पाहत बटण दाबलं. "सापडला म्हणावं. धडधाकट आहे."

मग तिने ओला फडका त्याच्या मांडीवर टाकला. "कॉलचं नाव मी पुसते. तुझं तू पूस."