इम्पालावरचा हिरवा रंग

दत्तारामाला दोनच नाद. संध्याकाळी मंदिरातलं कीर्तन, आणि दुपारी खिडकीशी बसून मोटारींची जुनी प्लॅस्टिकची मॉडेलं नीट करणं. कुणाची चाकं गळलेली, कुणाची काच फुटलेली. घाटकोपरच्या त्याच्या चाळीतले लोक हसायचे, आणि माळ्यावरची मोडकी गाडी आणूनही द्यायचे.

या खेपेला गाडी घरचीच होती. इम्पाला, लांबलचक अमेरिकन मोटार. गोदीतल्या एका दोस्ताने वडिलांना दिलेली, वडिलांनी दत्ताराम आणि धाकट्या लहूला शेजारी बसवून एकेक तुकडा चिकटवत जोडलेली. बारा वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा लहू कोकणात गावी होता. तो पोचेपर्यंत दत्ताराम थांबला नाही, अग्नी देऊन मोकळा झाला. लहूला बापाचं तोंड दिसलं नाही. तेव्हापासून, जवळ चेंबूरला राहूनही, तो या घराचा उंबरा चढला नव्हता. त्याने तो चढावा, दत्तजयंतीच्या कीर्तनाला मृदंगावर पुन्हा त्याचा हात पडावा, एवढंच दत्ताराम देवापाशी मागायचा. म्हणून ही गाडी त्याला नेऊन द्यायची होती.

पण गाडीवर हिरव्या रंगाचे थरच्या थर. वडील मिलमध्ये कामाला होते. खंडेनवमीच्या पूजेआधी तिथली यंत्रं रंगवायचे. उरलेला रंग वडील डबीतून घरी आणायचे आणि गाडीवरूनही एक हात फिरवायचे. संप होऊन मिल बंद पडेपर्यंत हे चाललं. दारांच्या रेघासुद्धा बुजून गेल्या होत्या.

त्याच आठवड्यात कीर्तनात बुवांनी फार रंगवून सांगितलं, मारुतीचं शेंदराचं कवच कसं गळून पडलं आणि आतून कोरीव, हसरी मूर्ती कशी निघाली. दत्तारामाचे डोळे भरून आले. घरी येऊन त्याने रंग सुटावा म्हणून गाडी ब्रेक ऑइलच्या डब्यात बुडवली.

बायको, विमला, म्हणाली, भावोजींना एकदा विचारा तरी. तो म्हणाला, विचारलं तर तो नकोच म्हणेल.

चार दिवसांत रंग सायीसारखा सुटला. दात घासायच्या जुन्या ब्रशने त्याने उरलासुरला खरवडला. पेढ्यांच्या खोक्याच्या पारदर्शक झाकणातून नवी काच कापली. गाडीच्या मूळ खोक्यावरच्या चित्रात होता तसा लालभडक रंग दिला. गाडी अशी झाली की बघत राहावं.

रविवारी तो चेंबूरला गेला. लहूने दार उघडलं, बस म्हणाला, चहासुद्धा सांगितला. मग गाडी हातात घेतली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"हिरवा कुठे गेला?"

"उतरवला. आतून बघ काय निघालं."

"उतरवून टाकलास कुठे?"

"कचऱ्यात. देवनारच्या डंपिंगवर गेला असेल."

"अकरा थर होते, दादा. खाली टवका उडाला होता ना, तिथे मी लहानपणी मोजले होते. बाबांचे अकरा दसरे."

"शेंदूर उतरवतात ना रे, तसं..."

"शेंदराखाली देव असतो. याच्याखाली काय होतं? प्लॅस्टिक." लहूने गाडी दत्तारामाच्या पिशवीत परत ठेवली, अगदी जपून. "तेव्हाही थांबला नाहीस. आत्ताही विचारलं नाहीस."

चहा आला. तो पिऊन दत्ताराम पिशवी घेऊन निघाला.

घरी विमला खिडकीतला पसारा आवरत होती. तो ब्रश ती फेकणार, तेवढ्यात दत्तारामाने तिच्या हातातून घेतला. केसांच्या मुळाशी थोडं हिरवं अडकून राहिलं होतं.

दत्तजयंतीला मृदंगावर भांडुपचा कुणी बसला. हात चांगला होता त्याचा. बुवांनी गजर धरला, सगळं मंदिर टाळ्यांनी दणाणलं. दत्तारामाने मांडीवरचे टाळ उचलले नाहीत.