पाण्याच्या दिवशीची उजळणी

"व्हाउचिंगची व्याख्या सांग बघू," नळाखाली हंडा सरकवत शिवप्पानं लेकीला विचारलं.

सोलापुरात नळाला पाणी येतं ते चार-पाच दिवसांनी, आणि पाण्याच्या दिवशी भांडी भरता भरता राजेश्वरीची उजळणी घ्यायची हा या घरचा रिवाजच. शिवप्पाचा जन्म एका सीएच्या हाताखाली पावत्या-व्हाउचरं हिशेबाशी ताडून पाहत ऑडिटची कामं करण्यात गेला. स्वतः सीए व्हायची हौस त्यालाही होती, पण ऑडिटच्या पेपरानं दरवेळी घात केला. त्या पेपरातले प्रश्न मात्र झोपेतून उठवून विचारा, गडी घडाघडा सांगेल!

"अप्पा, असलं आता कुणी विचारत नाही की!" राजेश्वरी वैतागली. तिची सीएची परीक्षा तोंडावर आली होती. "आता गोष्ट देतात. अमक्या कंपनीच्या मॅनेजरनं अशी अशी लबाडी केली, ऑडिटरनं काय करावं? खाली पर्याय. तुमच्या व्याख्यांनी माझा गोंधळ उडतो. राहू द्या आता."

"बरं," शिवप्पा म्हणाला.

पोरीच्या परीक्षेत त्याचा एवढाच तर वाटा होता, तोही गेला म्हणायचा. त्यानं कळशी भरली, पिंप भरलं. राजेश्वरीही खाली मान घालून तांबे विसळत बसली.

शेवटची बादली लावताना त्यानं घसा खाकरला.

"एक गोष्ट सांगू? एक अप्पा हाय. लई जुना माणूस. पोरीला जुनेच प्रश्न विचारतोय, तिचं नुकसान व्हायलंय. पोरीनं काय करावं? एक, अप्पाला गप बसवावं. दोन, त्याचं मन राखायला उगं ऐकल्यागत करावं. तीन..." त्यानं बादली नळाखाली नीट सरकवली. "तीन तूच सांग."

राजेश्वरीनं हातातला तांब्या खाली ठेवला. ओढणीनं डोळे पुसले.

"तीन, अप्पाला गोष्टी रचायला शिकवावं."

"आन् ह्यो अप्पा शिकंल व्हय या वयात?"

"पहिल्याच प्रश्नाला रडवलंत की मला!"

शिवप्पा ओशाळून हसला. मग पालथ्या डब्यावर नीट बसला.

"बरं, ऐक. अक्कलकोटला एक तेलाची गिरणी हाय. मालक बोलायला लई गोड..."

"थांबा, गोड म्हणजे कसा? नीट सांगा."

तो नीट सांगू लागला. तांब्याभर पाणी सांडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस तो. बादली केव्हाच भरली होती, पाणी काठावरून मोरीत चाललं होतं, आणि नळाकडे दोघांपैकी कुणाचंच लक्ष नव्हतं.