पडद्याबाहेरून

कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर सिस्टर बसली होती. खरं तर ती सिस्टर नव्हतीच. नर्सिंगचा एक धडाही न गिरवता तिचं अर्धं आयुष्य दाताच्या दवाखान्यात गेलं होतं. पेशंटच्या गळ्याशी रुमाल अडकवायचा, डॉक्टरांच्या हातात चिमटा द्यायचा आणि मशीन घरघरायला लागलं की पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचं, "हलू नका, त्यांना त्यांचं काम करू द्या." हे ती इतक्या गोड आवाजात म्हणायची, की भलेभले गडी निमूटपणे आ वासून पडून राहायचे. आमच्याकडे भूल दोन प्रकारची मिळते, एक बाटलीतली आणि एक सिस्टरची, असं डॉक्टर चारचौघांत सांगायचे.

त्या 'हलू नका'नेच घात केला होता.

आत लेकीची साक्ष चालली होती. पुढच्या साक्षीदाराने ती ऐकायची नसते, म्हणून सिस्टर बाहेर. लेक बँकेत नोकरीला, कमावती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिवसभर खुर्चीत बसून तिची पाठ धरली, तेव्हा सिस्टरनेच तिला त्या फिजिओथेरपिस्टकडे नेलं होतं. माणसाचं नाव मोठं, भिंतीवर सर्टिफिकिटं आणि जिभेवर साखर. दोन-तीन वेळा त्याने व्यायाम करून घेतले. मग म्हणाला, दुखण्याचं मूळ खाली आहे, तिथल्या नसा आतून मोकळ्या कराव्या लागतील, त्याची एक खास पद्धत आहे. लेक पडद्याआड गेली, सिस्टर बाहेरच्या खुर्चीत बसली. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "आई, हे असंच असतं का गं?"

आणि सिस्टर सवयीने म्हणाली, "हलू नकोस. त्यांना त्यांचं काम करू दे."

असला उपचार जगात कुठे नसतो, हे दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितल्यावर कळलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. तक्रार झाली, त्याला अटक झाली, जामीनही झाला. या सगळ्या काळात मायलेकी एका घरात राहिल्या, एका टेबलावर जेवल्या, पण त्या वाक्याबद्दल दोघींनी चकार शब्द काढला नाही. सिस्टरने पोलिसांना ते सांगितलं नाही. लेकीच्या जबाबातही ते आलं नाही. तिने ऐकलंच नसेल, अशी सिस्टरने मनाची समजूत घातली होती. मन कसलं ऐकतंय!

सरकारी वकीलबाई सकाळी भेटल्या होत्या. वयाने तरुण आणि सदा घाईत. "हे बघा मावशी, त्याचा बचाव सरळ आहे. मुलगी सज्ञान आहे, आपल्या पायांनी आली, नाही म्हणाली नाही. आपलं म्हणणं असं, की तिने होकार दिला तो उपचाराला. त्याने केलं ते वेगळंच. फसवून घेतलेला होकार हा होकार नसतो. पण फसवणूक नेमकी कशाबद्दल झाली, ते कोर्टाला दाखवावं लागतं. तुम्ही विचारलं तेवढंच बोला."

"आणि मी बाहेर बसले होते, त्याचं काय?"

"बसला होतात. त्यात काय एवढं?"

ते वाक्य सांगावं, तर तो म्हणणार की प्रत्यक्ष आईनेच परवानगी दिली. लपवावं, तर कधीतरी ते बाहेर येणार आणि लेकीचा खटलाच बुडणार. इकडे आड, तिकडे विहीर. तो सुटला तर आपल्यामुळे सुटेल, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं.

शिपायाने पुकारा केला. आत लेक मागच्या बाकावर बसली होती, मान खाली घालून. आरोपी समोर, कडक इस्त्रीच्या शर्टात. त्याने सिस्टरकडे बघून अदबीने मान लववली, जशी एखाद्या जुन्या पेशंटच्या नातेवाइकाला ओळख द्यावी. सिस्टर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात चढली.

सरकारी वकीलबाईंचे प्रश्न झाले. मग आरोपीचे वकील उठले. वयस्कर, शांत. "दमलात का बाई? पाणी घ्या हवं तर. घाई नाही." हा आवाज सिस्टर चांगला ओळखत होती. रोज ती स्वतः तो वापरत होती.

"पडदा कापडाचा होता ना?"

"हो."

"आतलं बोलणं बाहेर ऐकू यायचं?"

"यायचं."

"तुमच्या मुलीने आत्ताच शपथेवर सांगितलं, की त्या वेळी ती एक अक्षर बोलली नाही. मौनं संमतिलक्षणम् म्हणतात. दोन हातांवर आई बसलेली, आणि शिकलीसवरलेली मुलगी तोंडातून शब्द काढत नाही. ती गप्प होती ना, बाई? हो की नाही, एवढंच सांगा."

सिस्टरने चमकून लेकीकडे पाहिलं. लेकीने मान वर केली नाही. म्हणजे तिने ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं, आणि आईकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून स्वतःचा प्रश्नच पुसून टाकला होता.

एक 'हो' म्हटलं की खाली उतरता येत होतं. कुणाला काही कळलं नसतं. तिने आरोपीकडे पाहिलं. ते वाक्य त्यानेही ऐकलं होतं, मग त्याच्या वकिलांनी ते का काढलं नाही? कारण ते काढलं की लेकीचा प्रश्नही निघाला असता. तिला ज्याची लाज वाटत होती, ते त्यालाही झाकलेलंच हवं होतं. हे कळलं तेव्हा तिची भीती कमी झाली नाही, उलट वाढली. पण उत्तर मात्र बदललं.

"नाही," ती म्हणाली. "गप्प नव्हती ती. आई, हे असंच असतं का, म्हणून विचारलं तिने. मी तिला गप्प केलं."

वकील एका पावलात पुढे आले. त्यांचा मऊ आवाज कुठल्या कुठे गेला. "म्हणजे तुमची मुलगी शपथेवर खोटं बोलली! आणि परवानगी खुद्द तुम्ही दिलीत!"

"दिली. पाठ बरी करायची दिली. तो उपचार म्हणाला, मी उपचार समजले, तीही तेच समजली. त्याने जे केलं ते कुणाला विचारून केलं? मला नाही. तिला नाही."

सरकारी वकीलबाईंचा चेहरा उतरला होता. सिस्टर खाली उतरताना त्या पुटपुटल्या, "हे आधी सांगायचं होतंत, मावशी. आता ते तिची सगळीच साक्ष खोटी म्हणतील." सिस्टर भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसली.

न्यायाधीशबाईंनी लेकीला परत पिंजऱ्यात बोलावलं. "घाबरू नका. खरं असेल ते सांगा. तुम्ही आईला विचारलं होतं?"

लेकीने आईकडे पाहिलं. धीराचं काहीतरी बोलायला सिस्टरचं तोंड उघडलं, पण तिने ते मिटून घेतलं.

"विचारलं होतं," लेक म्हणाली. "दोनदा."

सिस्टरला एकदाच ठाऊक होतं.

"आधी का नाही सांगितलंत?"

"आईला दोष देतील म्हणून." लेकीचा आवाज बारीक झाला होता, पण थांबत नव्हता. "पहिल्यांदा ती हलू नकोस म्हणाली. दुसऱ्यांदा मी म्हटलं, आई, तू आत ये. तेव्हा ती बाहेर हसली. घाबरट कुठली, असं म्हणाली. मग मी नाही हाक मारली."

टायपिस्टने ते टाइप केलं. आरोपीचे वकील पुढच्या प्रश्नासाठी उठून उभे राहिले. सिस्टर त्या दिवसातला क्षण न् क्षण आठवून पाहत होती. खुर्ची आठवली, पडदा आठवला. ते हसणं काही केल्या तिला आठवेना.