आत जाणारा श्वास

मी कबड्डीची पंच आहे असं सांगितलं की ऑफिसात लोकांना आधी हसू येतं. लोअर परळच्या काचेच्या इमारतीत दिवसभर विम्याचे दावे तपासणारी बाई संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवून मैदानात उभी राहते, हे त्यांच्या पचनी पडत नाही. "म्हणजे तू फक्त व्हिसल वाजवतेस?" असं आमच्या विक्रांतने एकदा विचारलं. मी म्हटलं, "नाही रे, फुगेपण विकते." तेव्हापासून तो विषय काढत नाही.

पण खरं सांगायचं तर माझं दुखणं शिट्टी न वाजवण्याचं होतं, आणि ते बरं व्हायला चार वर्षं लागली.

भोईवाड्याच्या आमच्या खोलीत पाच माणसं आणि एकच कायदा होता : विचारून कर. आई भाजीत मीठ घातलं की आजोबांना चव बघायला द्यायची. मी कॉलेजची शाखा बाबांना विचारून घेतली, पहिला मोबाइल भावाला विचारून घेतला. आता ऑफिसात साधा मेल पाठवायचा तरी बाजूच्या मनवाला "वाच ना जरा" म्हणते. खेळत होते तोवर हे खपून गेलं, कारण खेळताना विचारायला वेळच नसतो. सव्विसाव्या वर्षी गुडघ्याने दगा दिला, खेळ सुटला. मैदान काही सुटेना, म्हणून पंचांची परीक्षा दिली. लेखीत पहिली आले आणि मैदानात उताणी पडले.

झालं असं की मला दिसायचं सगळं, ऐकूही यायचं. पण शिट्टी ओठांत धरली की माझे डोळे आपोआप सरपंचांकडे वळायचे. सरपंच म्हणजे सामन्याचा मुख्य पंच. त्यांच्या भुवया बघायच्या, मान हलते का बघायची, आणि मग फुंकायचं. एवढ्यात खेळाडू आपल्या अंगणात पोचलेला असायचा. पोरी मागे बोलायच्या, "अपूर्वा मॅडम आधी तोंड वाचतात, मग सामना." मला राग यायचा. खोटं असतं तर कमी आला असता.

या काळात मला सुमतीबाई भेटल्या. परळच्या एका मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं पीटी शिकवली होती, त्याहून जास्त वर्षं पंच म्हणून काढली होती. राहायच्या गिरगावात, जुन्या प्रभू घराण्यातल्या. निवृत्त झाल्या तरी सकाळी पहिल्या बसने भोईवाड्याच्या मैदानात हजर, कारण तिथे पोरी सराव करायच्या. इस्त्रीची सुती साडी, पायांत कॅनव्हासचे बूट. माझा एक सामना बघून त्या मला म्हणाल्या, "तुला नियम येतात. तुला दम ऐकू येत नाही."

मला ते झोंबलं. दम म्हणजे चढाई करताना एका श्वासात चालू ठेवायचं ते "कबड्डी, कबड्डी". पोरीला समोरच्यांनी पकडलं आणि मध्यरेषा गाठण्याआधी तिचा दम तुटला, की ती बाद. हे लहान पोरालाही माहीत असतं. पण बाईंचं म्हणणं असं की आजकालचे पंच घड्याळ बघतात, पाय बघतात, रेषा बघतात, दम कुणी ऐकतच नाही. "उद्या सहाला ये," त्या म्हणाल्या, "आणि मैदानाकडे पाठ करून बस."

मी बसले. उलट्या ठेवलेल्या बादलीवर, तोंड भिंतीकडे. मागे पोरी चढाया करत होत्या आणि दम तुटला असं वाटलं की मी बोट वर करायचं. पहिल्या दिवशी चाळीस चढायांत माझी एकतीस बोटं चुकली. येणारेजाणारे मला बघून काय समजत असतील कोण जाणे, दूधवाल्याने एकदा विचारलंच, "ताई, शिक्षा झालीय काय?"

"तू शांततेची वाट बघतेस," बाईंनी समजावलं. "म्हणून उशीर होतो. श्वास बाहेर जाताना शब्द येतो. दम संपत आला की आधी 'क' जातो, नुसतं 'बड्डी बड्डी' उरतं. तोवर ठीक. मग पोरगी चोरून श्वास आत घेते, ओठ हलतेच ठेवते. त्या आत जाणाऱ्या श्वासाला आवाज असतो. तो ऐक."

तो ऐकायला मला सात महिने लागले. रोज सकाळी चाळीस चढाया, मग आंघोळ, मग ऑफिस. पावसात मैदानाचा चिखल झाला की बाजूच्या व्यायामशाळेच्या पडवीत. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. कितीदा अलार्म बंद करून कूस बदलली, आणि मग बाई बसमधून उतरून वाट बघत असतील या लाजेने उठले. पण एका सकाळी तो आवाज मला ऐकू आला, अगदी लहान, गरम चहाचा पहिला घोट घेताना होतो तेवढा. मी बोट वर केलं. मागून बाई म्हणाल्या, "बरोबर." मी भिंतीकडे तोंड करून रडले. सोयीचं होतं, कुणाला दिसलं नाही.

पहिली दोन वर्षं बाई प्रत्येक बोटाला "बरोबर" किंवा "चूक" म्हणायच्या. तिसऱ्या वर्षी त्यांनी ते थांबवलं. मी वळून "बाई, तुटला होता ना?" विचारलं की म्हणायच्या, "तुला काय वाटतं?" मी सांगायचे. त्या नुसती मान हलवायच्या. मला वाटायचं, ही त्यांची शिकवायची पद्धत. कधीकधी चीडही यायची, की एवढं सांगायला काय जातं यांचं!

कान तयार झाला, पण डोळ्यांची खोड जाईना. मागच्या मोसमात एका उपांत्य सामन्यात दम तुटलेला मला स्वच्छ ऐकू आला आणि तरी मी सरपंचांकडे बघितलं. हर्षवर्धन सर सरपंच होते. ते तेव्हा दुसऱ्या बाजूला बघत होते. शिट्टी राहिली, गुण गेला, आणि जो संघ हरायला नको होता तो हरला. सामना संपल्यावर सर माझ्याजवळ आले.

"मॅडम, शिट्टी तुमच्या तोंडात आणि निर्णय माझ्या तोंडावर शोधताय?"

मी गळ्यातली शिट्टी काढायला लागले.

"जानेवारीत लालबागची फायनल आहे. तुम्हाला ठेवतोय. तिथे परत माझ्याकडे बघितलंत, तर पुढच्या वर्षीपासून गुणफलकाशी बसायचं. सॉरी, पण क्लिअर सांगितलेलं बरं."

म्हणजे संपलंच. गुणफलकाशी बसणं वाईट नाही, पण मैदानाच्या रेषेवर उभं राहणं एवढंच माझं खेळातलं उरलं होतं. तेही गेलं असतं तर मी कशाला सहाला उठले असते?

फायनल होती काळाचौकी आणि माहीमची, मुलींची. मैदान लालबागचं, म्हणजे काळाचौकीचं घरच. गॅलरी भरलेली, ढोल, ताशे, माइकवर एक उत्साही गृहस्थ. सुमतीबाई पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. मी त्यांच्याकडे बघून हसले आणि स्वतःला बजावलं की आता बास, आता कुणाकडे बघायचं नाही.

सामना इतका अटीतटीचा झाला की मला माझा गुडघा आठवलाच नाही. शेवटची चढाई उरली. काळाचौकी दोन गुणांनी मागे आणि चढाईला त्यांची अनुजा, एकोणीस वर्षांची, वाऱ्यासारखी पोरगी. समोर माहीमच्या तिघी. तिघींना शिवून परत आली तर विजय.

तिने दोघींना शिवलं. तिसरीने तिचा घोटा धरला, म्हणजे तीही शिवली गेलीच. मग तिघीही तिच्यावर पडल्या. अनुजा पोटावर आली आणि कोपरांवर सरपटत मध्यरेषेकडे निघाली. अख्खं लालबाग उभं राहून ओरडत होतं. मी रेषेच्या टोकाशी होते, तिच्यापासून दोन हातांवर. मी खाली वाकले. "कबड्डी, कबड्डी." मग 'क' गेला. "बड्डी, बड्डी." मग ओठ हलत होते आणि तो आवाज आला. आत.

मी शिट्टी फुंकली. त्यानंतर तिची बोटं रेषेपलीकडे टेकली.

एक क्षण कुणाला काही कळलं नाही. मग मैदान माझ्या अंगावर आलं. काळाचौकीचे प्रशिक्षक राजारामदादा धावत आले. "मॅडम, कुठे तुटला? आम्हाला कोणालाच ऐकू नाय आला!"

"तुमचं ओरडणं थांबलं असतं तर आला असता," मी म्हटलं. मला असं बोलायला नको होतं, पण बोलले.

कुणीतरी मोबाइलवरचा व्हिडिओ नाचवत आलं. त्यात ढोलाशिवाय काही नव्हतं. मागून एकजण ओरडला, "सेटिंग आहे रे!" हर्षवर्धन सर मधे आले, सगळ्यांना मागे केलं आणि मला विचारलं, "नक्की?"

"नक्की."

"कुठे?"

"रेषेच्या हातभर अलीकडे. डावं कोपर टेकलं तेव्हा."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. हात वर केला. चढाई बाद. माहीम जिंकलं.

पुढची पंधरा मिनिटं मी विसरू बघते. जाणाऱ्यांच्या नजरा, टोमणे. एक म्हातारे गृहस्थ मला शांतपणे म्हणाले, "पोरीचं नुकसान केलंत." तेच सगळ्यात जास्त लागलं. कारण खरंच, एका बाजूला हजार माणसं आणि दुसऱ्या बाजूला माझा एक कान. शर्ट बदलता बदलता मला वाटायला लागलं, ढोलाचाच काहीतरी आवाज असला तर? माझाच श्वास असला तर?

मी पिशवी तशीच टाकली आणि पहिल्या रांगेकडे पळाले. बाई अजून खुर्चीवर होत्या. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

"बाई, तुटला होता ना?"

"तुला काय वाटतं?"

"आज नको ना बाई तसं! आज सांगा. फक्त हो किंवा नाही."

बाईंनी माझा हात हातात घेतला. जरा वेळ त्या माझ्या ओठांकडेच बघत होत्या, मी आणखी काही बोलते का म्हणून.

"अपूर्वा, मला ऐकू येत नाही. समोर बसून बोललेलं कळतं. दम कळत नाही. दोन वर्षं झाली."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला आणि मी भडकले. "दोन वर्षं? आणि रोज सकाळी तुम्ही मान हलवत होता? मी चुकत असते तर?"

"नव्हतीस चुकत. तू बोट वर केलंस की ती चढाईवाली पोरगी ओशाळायची. जीभ चावायची. तुझी तर पाठ होती, मला दिसायचं ना." त्या हसल्या. "महिनाभर मी तेच ताडून बघितलं. मग म्हटलं, हिला आता माझी गरज नाही. पण हे सांगितलं असतं, तर तू दुसरं कुणीतरी शोधलं असतंस विचारायला."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं. मी दुसऱ्याच दिवशी शोधलं असतं.

म्हणजे ज्या दोन वर्षांत मी बाईंच्या मानेवर विसंबून होते, त्या दोन वर्षांत ते सगळं मीच ऐकत होते. आणि ही सत्तरी उलटलेली बाई, स्वतःला काही ऐकू येत नसताना, पहाटेची बस पकडून गिरगावातून येत होती, नुसती माझ्या पाठीमागे उभी राहायला. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी एवढं कुणी केलेलं नाही. आईबाबांनी केलं, पण त्यांना ते भागच होतं.

"आज अनुजाचं तोंड बघितलंस का?" बाईंनी विचारलं. "शिट्टी झाल्यावर?"

"नाही."

"मग कुणाचं बघत होतीस? हर्षवर्धनचं?"

मी आठवायला लागले. वाकले होते ते आठवलं, 'क' गेला ते आठवलं, तो आवाज आठवला. शिट्टीच्या आधीचं, मागचं, सगळं आठवलं. त्यात सरांचं तोंड कुठेच नव्हतं.

"कुणाचंच नाही, बाई."

बाईंनी मान हलवली, रोजच्यासारखी.

एवढ्यात बक्षीस समारंभाचं गाणं स्पीकरवर सुरू झालं. मी उठता उठता त्यांना थँक्यू म्हटलं. त्यांनी कानामागे हात नेला, "काय?" मी परत म्हटलं. "काय गं?" तिसऱ्यांदा मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन जिवाच्या आकांताने ओरडले, "थँक्यू, बाई!" नेमकं त्याच क्षणी गाणं बंद पडलं. चिडलेलं सगळं काळाचौकी वळून आमच्याकडे बघायला लागलं. बघू दे म्हटलं, आणि चौथ्यांदा ओरडले.